न दिसणारा भिडू : खेळाडू आणि कार्टून यांच्या मिश्रपटाची कुळकथा

ज्या कौटुंबिक चित्रपटात एखादा खराखुरा खेळाडू स्वतःच्याच नावाने वावरतो आणि त्याचे भिडू मात्र रेखाटलेली कार्टून-पात्रे असतात, त्या चित्रपटाला सोयीसाठी 'मिश्रपट' म्हणता येईल. १९९६ सालचा अमेरिकी 'स्पेस जॅम' हा या प्रकाराचा सर्वांत परिचित नमुना असला, तरी त्याचे कूळ त्याहून बरेच जुने आहे. या कुळाची एक शाखा जादूगाराच्या रंगमंचातून निघते, दुसरी जाहिरातीच्या फलकातून. आणि या दोन्ही गोष्टी महाराष्ट्रातही होत्या, मात्र त्या येथे निराळ्या वाटेने एकत्र आल्या.

पहिली शाखा जादूची. वृत्तपत्रासाठी चित्रे काढणारा आणि रंगमंचावर झरझर रेखाटनाचे प्रयोग करणारा जे. स्टुअर्ट ब्लॅकटन १९०० सालच्या 'द एन्चान्टेड ड्रॉइंग' या लघुपटात कागदावर बाटली, पेला आणि टोपी काढतो व त्याच वस्तू कागदावरून उचलून हातात घेतो. कॅमेरा मध्येच थांबवायचा, चित्राच्या जागी वस्तू आणायची आणि कॅमेरा पुन्हा चालू करायचा, एवढीच ती युक्ती होती. १९१४ साली विन्सर मॅके याने 'गर्टी' नावाची डायनोसॉरीण पडद्यावर आणली, तेव्हा तो स्वतः पडद्याशेजारी उभा राहून तिला आज्ञा देत असे, आणि ती त्या पाळते आहे असा भास प्रेक्षकांना होत असे. माणूस आणि चित्र यांचा हा संवाद आधी रंगमंचावर घडला आणि मग फिल्मवर उतरला, हे या कुळकथेत महत्त्वाचे आहे.

त्याच सुमारास महाराष्ट्रातही सिनेमाचा पाया एका जादूगाराने घातला. त्र्यंबकेश्वरी जन्मलेले धुंडिराज गोविंद फाळके छायाचित्रण आणि मुद्रणकला यांत निष्णात होतेच, शिवाय आपल्या आडनावातील अक्षरे उलटी करून ते 'प्रोफेसर केळफा' या नावाने जादूचे प्रयोगही करीत. 'राजा हरिश्चंद्र'पूर्वी, १९१२ साली, त्यांनी कुंडीतील वाटाण्याच्या वाढीची ठरावीक अंतराने एकेक चौकट टिपून 'अंकुराची वाढ' हा लघुपट तयार केला, आणि पुढे 'आगकाड्यांची मौज'मध्ये आगकाड्या चौकटीगणिक किंचित सरकवून त्या आपोआप हलत असल्याचा भास निर्माण केला. निर्जीव वस्तूला चौकटीगणिक हलवून सजीव भासवणे म्हणजेच ॲनिमेशन. आणि पुढे १९३०च्या दशकात पुण्याच्या प्रभात कंपनीत रघुनाथ केळकरांनी केलेला 'जंबूकाका' हा कार्टूनपट म्हणजे या वाटेवरचा पुढचा टप्पा होय.

माणूस आणि चित्र एकाच चौकटीत खरोखर हालते करणे मात्र अवघड होते. मॅक्स फ्लायशर याने चित्रित माणसाच्या हालचालींवरून चौकटीगणिक रेखाचित्र गिरवण्याचे 'रोटोस्कोप' नावाचे यंत्र घडवले आणि आपल्या चित्रमय विदूषकाला खऱ्या टेबलावर नाचवले. उलट वॉल्ट डिस्नेने १९२३ साली खऱ्या मुलीला पांढऱ्या पडद्यासमोर उभी करून तिला कार्टूनच्या जगात पाठवले. १९६४च्या 'मेरी पॉपिन्स'मध्ये नटांच्या मागचा पडदा सोडियमच्या पिवळ्या प्रकाशाने उजळून, खास लोलक बसवलेल्या कॅमेऱ्याने त्या प्रकाशाचा भाग वेगळा काढला गेला, आणि १९८८च्या 'हू फ्रेम्ड रॉजर रॅबिट'मध्ये कार्टूनवर खऱ्या दिव्यांच्या छाया पडू लागल्या. तरीही एक अडचण कोणत्याही यंत्राने सुटत नव्हती, ती नजरेची; कारण चित्र नंतर काढले जात असल्याने नटाला समोरच्या शून्याकडे असे पाहावे लागे, की तेथे कोणीतरी उभे आहे असे प्रेक्षकाला वाटावे. 'झपाटलेला' या मराठी चित्रपटातील तात्या विंचूसमोर उभ्या राहणाऱ्या नटांना हे संकट नव्हते, कारण रामदास पाध्ये यांचा बाहुला प्रत्यक्ष त्यांच्यासमोर असे. कार्टूनसमोरचा नट मात्र एकटा असतो.

येथेच खेळाडूचे महत्त्व कळते. फलंदाज चेंडूशिवाय फटके मारण्याचा जो सराव करतो, ज्याला मैदानावर 'शॅडो प्रॅक्टिस' म्हणतात, तो न दिसणाऱ्या भिडूशी खेळण्याचाच सराव असतो. संवादफेकीत कच्चा असलेला खेळाडूही पवित्रा, झेप आणि वळण यांत चुकत नाही. शिवाय असंख्य छायाचित्रांतून आणि जाहिरातींतून त्याचा चेहरा व लकबी इतक्या ठाशीव झालेल्या असतात, की तो स्वतःच अर्धे रेखाचित्र बनलेला असतो. कार्टूनच्या शेजारी तो परका वाटत नाही, याचे कारण हेच.

दुसरी शाखा जाहिरातीची असून 'स्पेस जॅम'चा जन्म थेट तिच्यातून झाला. बूट बनवणाऱ्या नाइकी कंपनीने १९९२ साली बास्केटबॉलपटू मायकल जॉर्डन आणि बग्ज बनी हा ससा यांना एका जाहिरातपटात एकत्र आणले, आणि त्या जाहिरातपटाचाच दिग्दर्शक जो पिटका याच्याकडे पुढे पूर्ण लांबीचा चित्रपट सोपवला गेला. १९९३ साली निवृत्त झालेला जॉर्डन १९९५ साली पुन्हा मैदानात उतरला होता. ही खरी घटनाच कथानकात गुंफली गेली, आणि चित्रीकरणाच्या काळात त्याचा सराव चुकू नये म्हणून स्टुडिओच्या आवारात त्याच्यासाठी खास मैदान उभारले गेले. कार्टून-पात्रांच्या जागी हिरवे कपडे घातलेली माणसे त्याच्याभोवती धावत, आणि पुढे त्यांना पुसून तेथे चित्रे बसवली जात.

महाराष्ट्रात खेळाडू पडद्यावर आले, पण कार्टूनविना: सुनील गावसकर १९८० साली मराठी 'सावली प्रेमाची'त, तर संदीप पाटील १९८५ साली हिंदी 'कभी अजनबी थे'मध्ये नायक झाले. खेळाडू आणि कार्टून यांची गाठ आधी पडली ती मुंबईच्या रस्त्यांवरील फलकांवर. सिल्व्हेस्टर दाकुन्हा आणि युस्टेस फर्नांडिस यांनी १९६६ साली घडवलेली अमूलची ठिपक्यांच्या फ्रॉकमधली मुलगी क्रिकेटमधील ताज्या घटनांवर टिप्पणी करू लागली, आणि जयंत राणे यांच्यासारख्या चित्रकारांच्या कुंचल्यातून खेळाडूच रेखाचित्र होऊन तिच्या शेजारी उभे राहिले. अमेरिकी मिश्रपटात माणूस कार्टूनच्या जगात गेला होता. येथे कार्टून माणसांच्या जगात उतरले. २०१० साली किरीट खुराना यांनी 'टूनपूर का सुपरहिरो'मध्ये अजय देवगण यांना कार्टूनच्या नगरीत पाठवले, पण ते नट होते, खेळाडू नव्हेत. आणि २०१९ सालच्या 'सुपर व्ही' या मालिकेत विराट कोहली आला, तोही चित्ररूपानेच.

माणूस आणि चित्र एकत्र आणण्याच्या या तंत्राचे आजचे रूप ठाण्याच्या घोडबंदर रोडसारख्या ठिकाणी रोजच्या कामात आहे. माजिवड्यापासून गायमुखापर्यंतच्या या पट्ट्यात मराठी आणि हिंदी मालिकांचे चित्रीकरण नित्य चालते, आणि मालिकांच्या धंद्यात जिला 'क्रोमा' म्हणतात ती हिरव्या पडद्याची पद्धत कोणालाही नवलाची राहिलेली नाही. माणसाच्या कातडीत हिरवी छटा अत्यल्प असते आणि डिजिटल कॅमेऱ्याचा संवेदक हिरवा रंग सर्वांत बारकाईने टिपतो, म्हणून संगणक तेवढाच रंग काढून टाकतो व तेथे हवे ते चित्र बसवतो. जुनी नजरेची अडचण मात्र अजूनही एका साध्या उपायाने सोडवली जाते: नसलेल्या पात्राच्या डोळ्यांच्या उंचीवर, काठीच्या टोकाला टेनिसचा चेंडू लावला जातो आणि नट त्याच्याकडे पाहून बोलतो. याच चेंडूने ठाण्याच्या गल्ल्यांत आणि संकुलांच्या आवारांत मुले क्रिकेट खेळतात; न दिसणाऱ्या भिडूची जागा दाखवण्यासाठी शंभर वर्षांच्या यंत्रविद्येलाही शेवटी खेळातलीच वस्तू उसनी घ्यावी लागते.