बोरघाटाचा हिशेब



‘हाती घेतलेले काम तडीस कसे न्यावे आणि माणसे कशी सांभाळावीत’ हा विषय संयोजकांनी मला दिला, तेव्हा मी थोडा बिचकलो. समोर बसलेल्यांत कारखान्यांचे व्यवस्थापक आहेत, बँकांचे अधिकारी आहेत, सरकारी खात्यांतले अभियंते आहेत. अशा सभेत उभ्या आयुष्यात व्यवस्थापकांशी भांडण्यावाचून दुसरे काही न केलेला माणूस का बोलावला, हे संयोजकांचे त्यांनाच ठाऊक! माझे शिक्षण शाळेत फारसे झाले नाही. पोरवयात गिरणीत बदली कामगार म्हणून लागलो आणि पाळी सुटली की हिराचंद नेमचंद वाचनालयात जे हाती येईल ते वाचीत बसलो. तेव्हा मी शास्त्र सांगणार नाही. एका जुन्या कामाची हकीकत सांगणार आहे. ते काम म्हणजे बोरघाटातून काढलेली आगगाडीची वाट.

मुंबई ते ठाणे ही पहिली गाडी १६ एप्रिल १८५३ रोजी धावली, हे शाळेतल्या मुलालाही माहीत असते. पण ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे कंपनीची नजर ठाण्यावर नव्हती, ती घाटावरच्या कापसावर होती. आणि मध्ये सह्याद्री आडवा होता. कंपनीने मोठी युक्ती केली. घाट फुटण्याची वाट न पाहता तिने घाटाच्या माथ्यावरून पुढची लाइन टाकायला घेतली. १८५८ मध्ये खंडाळा ते पुणे गाडी सुरू झाली आणि १८६० साली ती सोलापुरास पोचली. म्हणजे सोलापुरास स्टेशन होते, गाडी होती, पण ती सलग मुंबईस जात नव्हती. घाटात उतारू गाडीतून खाली उतरत, पालखीतून किंवा तट्टावरून घाट ओलांडत आणि पलीकडे पुन्हा गाडीत बसत. माल बैलगाड्यांवर. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, विलायतेस जाणारा तिकडचा कापूस बंद झाला आणि इकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला, तेव्हा ही मधली तूट किती महाग पडत असेल याची कल्पना करा. साखळीतली एक कडी राहिली की बाकीची साखळी असून नसल्यासारखी, हा पहिला धडा येथेच मिळतो.

आता काम केवढे होते ते पाहा. सुमारे १५ मैलांत १८०० फुटांहून अधिक चढ. काही ठिकाणी ३७ फुटांमागे एक फूट. २५ बोगदे आणि खोल दऱ्यांवर दगडी कमानींचे पूल. कंपनीचा मुख्य अभियंता जेम्स बर्कले याने वर्षानुवर्षे डोंगराची मोजणी करून वाट ठरविली. इतका चढ एका दमात घेता येत नाही म्हणून मध्ये गाडीची दिशा उलटविण्याचे एक स्थानक ठेवले. यंत्रे जवळजवळ नव्हतीच. घण, पहार, छिन्नी आणि सुरुंगाची दारू एवढ्यावर सारा भरवसा. पावसाळ्यात काम जवळपास थांबे, त्यामुळे वर्षाचे काम कोरड्या महिन्यांतच उरकावे लागे. मजूर बायकामुलांसह डोंगरात पाले ठोकून राहत. १८६१ साली तेथे एका वेळी ४२,००० माणसे कामावर होती, असे नोंदलेले आहे. एवढा माणूस आपल्या सोलापूरच्या साऱ्या गिरण्यांत मिळूनही एका वेळी क्वचितच असेल.

कामाचा मक्ता १८५५ मध्ये विल्यम फेव्हिएल यास दिला गेला. मुंबई–ठाणे मार्ग बांधणाऱ्यांपैकीच हा एक. म्हणजे अननुभवी नव्हे. जानेवारी १८५६ मध्ये काम सुरू झाले. पण सपाटीवरच्या कामाचा अनुभव डोंगरात पुरला नाही. पैसा कंपनीकडून मक्तेदाराकडे, त्याच्याकडून पोटमक्तेदाराकडे, तेथून मुकादमाकडे आणि शेवटी मजुराकडे अशा पायऱ्यांनी उतरत होता, आणि प्रत्येक पायरीवर थोडा मुरत होता, थोडा अडत होता. मजुरी थकू लागली. जानेवारी १८५९ मध्ये घाटात थकलेल्या मजुरीवरून मजुरांचा उद्रेक झाला, दगडफेक आणि हाणामारी झाली, सरकारला चौकशी करावी लागली. त्याच वर्षी फेव्हिएलने मक्ता सोडला.

या आणि अशा तंट्यांतून १८६० साली मालक व मजूर यांच्या तंट्यांचा कायदा आला. थकलेल्या मजुरीचा निकाल दंडाधिकाऱ्याने झटपट द्यावा, ही त्यातली चांगली गोष्ट. पण त्याच कायद्याने, करार मोडून काम सोडणारा मजूर मात्र गुन्हेगार ठरला. मालकाचा दोष म्हणजे देणे आणि मजुराचा दोष म्हणजे गुन्हा! हा तराजू बरीच वर्षे तसाच राहिला.

फेव्हिएलनंतर कंपनीने काही काळ काम स्वतः चालविले आणि मग मक्ता सॉलोमन ट्रेडवेल यास दिला. तो १८५९ च्या उत्तरार्धात मुंबईस उतरला आणि काही आठवड्यांतच आजाराने मरण पावला. घाटात पटकीची साथ होती, मजूर मरत होते, पळून जात होते. अशा वेळी काम बसायचेच. पण ट्रेडवेलची विधवा ॲलिस हिने मक्ता सोडला नाही. तिने तो आपल्या नावावर चालविला आणि प्रत्यक्ष देखरेख ॲडमसन आणि क्लाउझर या दोन अभियंत्यांच्या हाती दिली. हे दोघे कंपनीच्या नोकरीत असताना हाच डोंगर पायाखाली घातलेले होते. जे आपल्याला येत नाही ते येणाऱ्याच्या हाती द्यावे, आणि देताना ओळखीचा माणूस न पाहता कामाची ओळख असलेला माणूस पाहावा, एवढे शहाणपण त्या बाईपाशी होते. ४२,००० चा आकडा तिच्याच अमदानीतला. २१ एप्रिल १८६३ रोजी गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या हस्ते घाट वाहतुकीस खुला झाला. ज्याने वाट आखली तो बर्कले आदल्याच वर्षी वारला होता.

येथे गोष्ट संपली असती तर फार गोड झाली असती. पण जुलै १८६७ मध्ये, अवघ्या चार वर्षांत, घाटातला एक मोठा दगडी पूल कोसळला. दगडकाम निकृष्ट निघाले. पुढे कंपनीला लाइनीवरील अनेक पुलांची बांधणी पुन्हा करावी लागली. तारीख गाठली म्हणजे काम झाले असे समजणाऱ्यांनी हा पूल ध्यानात ठेवावा. उद्घाटनाच्या दिवशी साहेब फीत पाहतो. दगडाच्या पोटात चुना भरला आहे की माती, हे गवंड्याला ठाऊक असते. त्याला ते निर्भयपणे सांगता येत नसेल, तर तुमच्या वहीतले सारे आकडे फोल आहेत.

आता थोडे स्वतःविषयी. फेव्हिएलला नावे ठेवणे सोपे आहे. पण ट्रेडवेल अचानक गेला तेव्हा काम पुढे चालले, हा भाग मी प्रथम वाचला त्या रात्री मला झोप आली नाही. बऱ्याच वर्षांपूर्वी एका बंद पडलेल्या कारखान्यातील कामगारांच्या देण्याचा लढा आमच्या संघटनेकडे होता. कोणाची किती वर्षे नोकरी, कोणाचा कागद कोणाकडे, अर्जाची मुदत केव्हा, हे सारे माझ्या डोक्यात होते. मला त्याचा अभिमानही होता. कार्यकर्ते विचारीत, तेव्हा मी म्हणे, “तुम्ही कशाला काळजी करता, मी आहे ना!” आणि ऐन वेळी मी काविळीने सहा आठवडे अंथरुणास खिळलो. कागद कोठे आहेत हे कोणास ठाऊक नव्हते. काही अर्जांची मुदत टळली. पुढे पैसे मिळाले, पण फार उशिरा. साचाखात्यातले एक वृद्ध गृहस्थ तोवर राहिले नव्हते. त्यांच्या पत्नीने पैसे घेतले, मला चहा दिला, एका शब्दाने दोष दिला नाही. दोष दिला असता तर बरे वाटले असते. त्या दिवसापासून आमच्या कचेरीत प्रत्येक कामाची वही आहे, आणि प्रत्येक वहीला दोन माणसे आहेत. ‘मी आहे ना’ हे वाक्य पुढाऱ्याच्या तोंडी शोभत नाही. ‘मी नसलो तरी’ असे त्याला म्हणता आले पाहिजे.

बोरघाटाशी आपल्या गावाचे नाते पुढेही राहिले. सोलापुरात १८८२ साली जन्मलेले वालचंद हिराचंद रेल्वेच्या कंत्राटांतूनच मोठे झाले. १९२० नंतरच्या दशकात घाटाची वाट सुधारून नवे बोगदे काढले गेले, त्या कामात त्यांचा मोठा हात होता. १९२९ मध्ये ते उलटण्याचे जुने स्थानक निकामी झाले.

आणि त्याच सह्याद्रीत आपल्या डोळ्यांदेखत दुसरे मोठे काम झाले, ते कोकण रेल्वेचे. कामगार चळवळीतून आलेले जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री आणि मधु दंडवते अर्थमंत्री असताना, १९९० मध्ये हे महामंडळ स्थापन झाले. ई. श्रीधरन यांनी रोह्यापासून मंगळूरपर्यंतच्या सुमारे ७४० किलोमीटरचे सात विभाग पाडले आणि प्रत्येक विभागावर एकेक मुख्य अभियंता नेमून त्याला त्याच्या मुलखात निर्णयाची मोकळीक दिली. कठीण खडकासाठी स्वीडनहून यंत्रे आणली. पण मऊ, पाणथळ मातीतल्या नऊ बोगद्यांपुढे यंत्र चालेना. तेथे हातानेच इंच इंच पुढे सरकावे लागले, खणलेले पुन्हा ढासळे आणि पुन्हा खणावे लागे. १९९८ मध्ये वाट पूर्ण झाली. ७४ जणांचा या कामात बळी गेला. रत्नागिरीला श्रमशक्तीचे स्मारक उभे आहे, तेथे त्यांचे स्मरण होते. बोरघाटात पटकीने आणि सुरुंगाने जे गेले, त्यांची तर धड मोजदादही झाली नाही. १३० वर्षांत आपण पुढे आलो, ते एवढे. हे थोडे नाही, पण पुरेसेही नाही.

तेव्हा व्यवस्थापक मित्रांनो, माझे म्हणणे थोडक्यात असे. काम हाती घेताना शेवटच्या माणसाचा पगार कोणत्या वाटेने आणि कोणत्या तारखेला त्याच्या हातात पडणार, हे आधी लिहून काढा. तुमच्या जागी उद्या कोण, हे आजच ठरवा आणि त्याला वही उघडून दाखवा. वाईट बातमी आणणाऱ्याला बसायला खुर्ची द्या. आणि काम संपल्यावर जो हिशेब कराल त्यात माणसांचाही रकाना ठेवा.

आपल्यापैकी पुष्कळजण सोलापूरहून रात्रीच्या गाडीने मुंबईस जातात. लोणावळा सोडले की पहाटे गाडी बोगद्यात शिरते. त्या वेळी जाग असली तर भिंतीकडे एकदा पाहा. हा घाट फोडताना पहिली छिन्नी कोणीतरी हाताने मारली आहे, आणि त्याची मजुरी कदाचित अजून यायची आहे.