गुत्त्यापासून भ्रमणध्वनीपर्यंत

शाळेपासून दारूचे दुकान किती अंतरावर असावे, याचे नियम आहेत. पण दारूचे आकर्षक चित्र मुलांच्या डोळ्यांपासून किती दूर असावे? हा प्रश्न आजचा वाटला तरी त्याला इतिहास आहे.

वाळवा तालुक्यातील आष्टा स्वातंत्र्यापूर्वी सातारा जिल्ह्यात होते. याच जिल्ह्यात १९४३ ते १९४६ या काळात क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारने न्यायदान व साध्या विवाहांबरोबर दारूबंदीचे कामही केले. तेव्हा गुत्ता समोर दिसत होता. तो उठवणे हे काम होते.

१९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याने गुत्त्यापलीकडे पाहिले. त्याच्या २४ व्या कलमाने दारूची भलामण करणारा किंवा गिऱ्हाईक बोलावणारा मजकूर छापण्यास मनाई केली. १९५१ मध्ये बलसारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने नुसत्या भलामणीवरील बंदी अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या आड येते म्हणून रद्द केली. गिऱ्हाईक बोलावण्यावरील बंदी मात्र टिकली. मत मांडणे वेगळे, माल खपवणे वेगळे, अशी ही रेघ होती.

पुढे दूरचित्रवाणी घरोघर आली. २००० साली केबल वाहिन्यांवरील दारूच्या जाहिरातींना बंदी झाली. मग त्याच नावाचा सोडा, त्याच नावाच्या गाण्यांच्या कॅसेट पडद्यावर झळकू लागल्या. अशा छुप्या जाहिरातींना केंद्र सरकारने जून २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी मनाई केली.

आता भ्रमणध्वनीचा विचार करू. १९४९ चा कायदा छापणाऱ्याला शोधतो. येथे छापणारा कोण? एखादी चित्रफीत नववीतला विद्यार्थी गंमत म्हणून पुढे पाठवतो आणि नकळत स्वतःच जाहिरातदार बनतो. मत आणि विक्री यांमधली रेघ इथे पुसट होते. फिनलंडने हे ओळखले. २०१५ पासून तेथे, लोकांनी पुढे पाठवावा म्हणून केलेल्या दारूच्या प्रचाराला बंदी आहे. दोष पाठवणाऱ्या मुलाचा नव्हे, त्याला राबवून घेणाऱ्या विक्रेत्याचा, हा त्यामागचा विचार.

मेंदूचा सारासार विचार करणारा पुढचा भाग वयाच्या पंचविशीपर्यंत घडत असतो. म्हणूनच हा प्रश्न मुलांच्या बाबतीत अधिक गंभीर आहे. कायदा नेहमी माध्यमाच्या मागून येतो. तोवर वर्गात एवढे तरी करता येईल: अशी एक चित्रफीत शब्दांत वर्णन करून मुलांना तीन प्रश्न विचारावेत. यात काय विकले जात आहे? फायदा कोणाचा? आणि काय दाखवलेले नाही? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मुलांना आपल्या गावातच सापडेल.