अरबी भाषेतील बायबल : भाषांतरांचा इतिहास व अभ्यास

पेन्टेकॉस्टच्या दिवशी प्रेषितांचे बोलणे आपापल्या भाषेत ऐकणाऱ्यांमध्ये अरबही होते, असे 'प्रेषितांची कृत्ये' (२:११) सांगते. तरीही अरबी ही केवळ इस्लामची भाषा होय, असा समज आपल्याकडे आढळतो. म्हणून या भाषांतरांचा अल्प परिचय आम्ही येथे करून देत आहोत.

सातव्या शतकात पॅलेस्टाईन, सीरिया व इजिप्त अरब सत्तेखाली आले. कालांतराने तेथील ख्रिस्ती जनांच्या ग्रीक, सिरियाक व कॉप्टिक भाषा मागे पडून अरबी ही त्यांची बोली झाली. उपासनेतील वाचन लोकांना उमगेनासे झाले, तर श्रद्धा टिकणार कशी? या निकडीतून भाषांतरे झाली. बिश्र इब्न अस-सिरी यांनी इ. स. ८६७ मध्ये दमास्कस येथे सिरियाकमधून केलेले संत पौलाच्या पत्रांचे भाषांतर सिनाय पर्वतावरील संत कॅथरिनच्या मठात जतन झाले आहे. चार शुभवर्तमानांचे ८९७ सालचे हस्तलिखितही तेथेच आहे. यहुदी पंडित सादिया गाओन (८८२-९४२) यांनी हिब्रूतून केलेले तोराचे भाषांतर पुढे कॉप्टिक ख्रिस्ती लोकांनीही स्वीकारले. स्पेनमधील कॉर्डोव्हाच्या इसहाक वेलास्केस यांनी ९४६ मध्ये लॅटिनवरून शुभवर्तमाने अरबीत आणली.

मूळ भाषा अनेक असल्यामुळे सर्वमान्य असे एकच अरबी बायबल घडले नाही. मुद्रणाच्या युगात, १५९१ मध्ये रोमच्या मेदिची मुद्रणालयाने अरबी शुभवर्तमाने छापली. १६७१ मध्ये धर्मप्रसार मंडळाने संपूर्ण बायबल प्रसिद्ध केले. बैरूतमध्ये एली स्मिथ व कॉर्नेलियस व्हॅन डाइक या प्रॉटेस्टंट मिशनऱ्यांचे भाषांतर १८६५ मध्ये प्रसिद्ध झाले. तेथेच १८७६ ते १८८० या काळात येशूसंघीय धर्मगुरूंनी कॅथोलिक आवृत्ती काढली. पहिल्या कार्यात नासिफ अल-याझिजी यांचे, तर दुसऱ्या कार्यात त्यांचे पुत्र इब्राहिम यांचे भाषासाहाय्य लाभले. पंथ दोन, परंतु भाषेची सेवा एकाच घराण्याची!

अभ्यासकांचे लक्ष अलीकडे या ठेव्याकडे विशेष वळले आहे. हिकमत कशूह यांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात शुभवर्तमानांची दोनशेहून अधिक अरबी हस्तलिखिते तपासून त्यांची गटवारी केली. २०१३ मध्ये सिडनी ग्रिफिथ यांचा या इतिहासावरील ग्रंथ आला.

अरब ख्रिस्ती शतकानुशतके परमेश्वराला 'अल्लाह' म्हणूनच आळवीत आले आहेत. आखाती देशांत नोकरीनिमित्त राहणाऱ्या आपल्या बांधवांनी तेथे अरबी मिस्सा ऐकली, तर तो शब्द परका मानू नये. तो एका प्राचीन ख्रिस्तसभेच्या प्रार्थनेचा शब्द आहे.