पुणे केंद्रापासून दहा मीटरपर्यंत : घरात येणाऱ्या बिनतारी संगीताची गोष्ट

मार्गासनीच्या आमच्या घरात एक जुना टेपरेकॉर्डर आहे. त्याची कॅसेट फिरत नाही, पण स्पीकर उत्तम आहे. गेल्या सुट्टीत काही शे रुपयांना एक काडेपेटीएवढी ब्लूटूथची डबी आणली, तिची पिन टेपरेकॉर्डरच्या मागच्या खोबणीत बसवली आणि मोबाइलवर ‘गीतरामायण’ लावले. मोबाइल माझ्या खिशात आणि आवाज मात्र कोपऱ्यातल्या खोक्यातून!

आई स्वयंपाकघरातून बाहेर आली. म्हणाली, “कुठलं केंद्र लावलंस रे?”

केंद्र नाही, हे मी तिला सांगितले. पण तिचा प्रश्न मनात राहिला. बिनतारी संगीत म्हणजे केंद्र, हे समीकरण तिच्या पिढीत इतके पक्के कसे झाले? आणि या डबीचे ‘केंद्र’ आहे तरी कोठे?

१९५५ चे पुणे

मुंबईत १९२७ साली इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीने नियमित नभोवाणी सुरू केली. आकाशवाणीचे पुणे केंद्र २ ऑक्टोबर १९५३ रोजी सुरू झाले. पुढे दीड वर्षाने, १ एप्रिल १९५५ ला, रामनवमीच्या दिवशी या केंद्राने ‘गीतरामायणा’चे पहिले गीत प्रसारित केले. कल्पना सीताकांत लाड यांची, शब्द ग. दि. माडगूळकरांचे आणि संगीत सुधीर फडके यांचे. आठवड्याला एक गीत, अशी वर्षभरात छप्पन्न गीते झाली.

आईचे माहेर पुण्याचे. तिच्या वाड्यात रेडिओ एकाच बिऱ्हाडात होता. गाण्याच्या वेळी सगळा वाडा त्यांच्या ओसरीवर जमे. गाणे चुकले तर चुकलेच. पुन्हा लावायची सोय ऐकणाऱ्याच्या हातात नव्हती. संच झडपांचा म्हणजे व्हॉल्व्हचा, त्यामुळे तो तापून आवाज येईपर्यंत थांबावे लागे. शिवाय रेडिओ बाळगायला सरकारी परवाना लागे. १९३३ च्या बिनतारी तार कायद्याने तसे बंधनच होते. घरगुती रेडिओचा परवाना सुटला तो थेट १९८० च्या दशकात.

तोच काळ, दुसरा प्रयोग

‘गीतरामायण’ संपत आले असताना, १९५६ च्या फेब्रुवारी ते एप्रिल या महिन्यांत, पुणे केंद्रावरून आणखी एक प्रयोग चालू होता. शिक्षकांनी तो अवश्य माहीत करून घ्यावा. युनेस्कोच्या मदतीने तत्कालीन मुंबई राज्याच्या पाच मराठी जिल्ह्यांत दीडशे गावे निवडली होती. प्रत्येक गावात सुमारे वीस जणांचे श्रोतृमंडळ होते. आठवड्यातून दोनदा, अर्ध्या तासाचे, असे वीस कार्यक्रम झाले. विषय शेतीचे आणि गावाच्या जीवनाचे होते. कार्यक्रम संपला की मंडळाने चर्चा करायची, काय ठरले ते लिहायचे आणि शंका केंद्राला कळवायच्या.

या प्रयोगाची पाहणी टाटा समाजविज्ञान संस्थेतर्फे पॉल न्यूराथ यांनी केली. तुलनेसाठी त्यांनी आणखी दोन प्रकारची गावे घेतली होती : रेडिओ आहे पण मंडळ नाही अशी, आणि रेडिओच नाही अशी. मंडळे असलेल्या गावांत लोकांची माहिती चांगलीच वाढलेली आढळली. नुसता रेडिओ असलेल्या गावांत मात्र फारसा फरक पडला नव्हता. म्हणजे खोक्यापेक्षा खोक्याभोवती बसून झालेले बोलणे अधिक कामाचे ठरले!

लाटेची लांबी

आता डबीकडे वळू. रेडिओ आणि ब्लूटूथ, दोन्हींत विद्युतचुंबकीय लहरीच आहेत. फरक त्यांच्या लांबीत आहे. पुणे केंद्राची मध्यम लहर ७९२ किलोहर्ट्झची म्हणून श्रोत्यांच्या ओळखीची झाली. प्रकाशाचा वेग, सेकंदाला तीन लाख किलोमीटर, याला ७,९२,००० ने भागले तर तरंगलांबी सुमारे ३७९ मीटर येते. एफ. एम.च्या १०० मेगाहर्ट्झ लहरीची लांबी ३ मीटर. ब्लूटूथ २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास चालते; तेथे लांबी अवघी साडेबारा सेंटिमीटर, म्हणजे वीतभरही नाही.

लांब लाट जमिनीला धरून जाते आणि अडथळ्याला वळसा घालते. आमच्या आणि पुण्याच्या मध्ये सिंहगड-कात्रजची डोंगररांग आहे. मध्यम लहर ती ओलांडून गुंजवणीच्या खोऱ्यात उतरते. तीन मीटरच्या लाटेला मात्र डोंगराची सावली अडवते. दूरदर्शनचा मनोरा १९७३ साली सिंहगडावर उभा राहिला तो याच कारणाने : लाट आखूड असेल तर प्रक्षेपक उंचावर हवा. आणि साडेबारा सेंटिमीटरच्या लाटेला तर माणसाच्या अंगाचीही सावली पडते, कारण शरीरातले पाणी ती शोषून घेते.

गंमत अशी की, आचार्य जगदीशचंद्र बोस यांनी १८९५ च्या सुमारास कलकत्त्यात प्रयोग केले ते मिलिमीटरांत मोजाव्या लागणाऱ्या लहरींवर. नभोवाणीच्या काळात जग लांब लहरींकडे गेले. आज खिशातली उपकरणे पुन्हा आखूड लहरींकडे वळली आहेत.

उड्या मारणारे गाणे

२.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात गर्दी फार. वाय-फाय तेथेच, मायक्रोवेव्ह भट्टीही तेथेच. अमेरिकेने १९८५ साली असे पट्टे परवान्याशिवाय वापरायला खुले केले, भारतात २.४ गिगाहर्ट्झसाठी ते २००५ मध्ये झाले. मग या गर्दीत गाणे हरवत कसे नाही?

उपाय असा की एका जागी थांबायचेच नाही. ब्लूटूथची मूळ रचना ७९ वाहिन्यांवर सेकंदाला १६०० उड्या मारते. मोबाइल आणि डबी ठरलेल्या क्रमाने एकदमच उडी मारतात. एखादी वाहिनी बिघडलेली असली तरी नुकसान क्षणाच्याही लहान भागाचे होते. अशा उड्यांची एक योजना अभिनेत्री हेडी लामार आणि संगीतकार जॉर्ज अँथील यांनी १९४२ साली पेटंट केली होती. ती टॉर्पेडोसाठी होती आणि तिच्यात ८८ कंप्रता होत्या, पियानोच्या पट्ट्या असतात तितक्याच! ब्लूटूथवरचे काम स्वीडनच्या एरिक्सन कंपनीत १९९४ साली सुरू झाले. त्याचे नाव दहाव्या शतकातल्या एका डॅनिश राजाच्या टोपणनावावरून ठेवले आहे.

डबीची शक्तीही पाहा. नभोवाणीचा प्रक्षेपक किलोवॅटमध्ये मोजतात, तर मोबाइलमधला ब्लूटूथ प्रक्षेपक मिलिवॅटमध्ये. म्हणून त्याचा पल्ला साधारण दहा मीटर. आईच्या प्रश्नाचे उत्तर असे : केंद्र माझ्या खिशात आहे!

पण हे अर्धेच उत्तर झाले. मोबाइलमध्ये गाणे आले ते इंटरनेटवरून, मनोऱ्यामार्गे. मी परसात गेलो तेव्हा मोबाइलची रेंज गेली. गाणे थोडा वेळ चालू राहिले, कारण पुढचा तुकडा आधीच साठवलेला होता. मग ते थांबले. दहा मीटरची बिनतारी वाट शाबूत होती, पण तिच्या मागची शेकडो किलोमीटरची वाट तुटली होती. मोबाइलमध्ये साठवून ठेवलेले गाणे लावले, तर ते रेंज नसतानाही वाजले.

वर्गात करून पाहा

मोबाइल आणि ब्लूटूथचा स्पीकर यांच्यामधले अंतर पावलांनी मोजत वाढवा. आवाज कोठे तुटतो ते दगडी भिंत, लाकडी दार आणि मधे उभी राहिलेली दहा मुले अशा तिन्ही वेळी नोंदवा. वाजता मोबाइल घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात ठेवून पाहा. मध्यम लहर लावलेला ट्रान्झिस्टर अॅल्युमिनियमच्या पातेल्यात ठेवून वर झाकण घाला. दोन्हींत काय फरक पडला? झाकणाच्या फटीचा परिणाम कोणावर अधिक झाला? मुलांना तरंगलांबीचे गणित आधी करायला लावा, मग अंदाज बांधायला सांगा, आणि प्रयोग शेवटी.

आणखी एक गोष्ट करावी. पुणे केंद्राच्या ओसरीवरच्या श्रोत्यांना गाणे निवडता येत नव्हते, पण ते एकत्र ऐकत आणि त्यावर बोलत. आज प्रत्येकाच्या कानात वेगळे गाणे आहे. निवड मिळाली ही मोठी गोष्ट आहे. ती परत द्यावी असे कोणीच म्हणणार नाही. परंतु १९५६ च्या प्रयोगाने दाखवलेले अजूनही खरे असावे. म्हणून आठवड्यातून एकदा दहा मिनिटे काहीतरी सगळ्या वर्गाने मिळून ऐकावे आणि पुढची वीस मिनिटे त्यावर बोलू द्यावे.

आमच्याकडे त्या संध्याकाळी शेजारच्या काकू डबी पाहायला आल्या आणि गाणे ऐकत बसल्या. आईने त्यांना वाड्यातल्या रेडिओची गोष्ट सांगितली. मी ती पहिल्यांदाच ऐकत होतो.