गुठळीचा इतिहास : प्लेटलेटच्या शोधापासून अक्कलदाढेच्या खोबणीपर्यंत

१/ अक्कलदाढ काढल्यावर जबड्यात एक रिकामी खोबण उरते. काही मिनिटांत तिथे रक्त साकळते. रुग्णाला ती गुठळी नकोशी वाटते, खळखळून चूळ भरून ती काढून टाकण्याचा मोह होतो. वास्तविक जखमेचे भवितव्य त्याच गुठळीवर अवलंबून असते. तिला उपचाराचा दर्जा कसा मिळाला, त्याचा हा इतिहास. #धागा

२/ १८६५. जर्मनीतील बॉन येथे माक्स शुल्त्से यांना रक्तात सूक्ष्म, रंगहीन कणांचे पुंजके दिसले. १८७४ मध्ये विल्यम ऑस्लर यांनी दाखवले की, हे कण वाहत्या रक्तात सुटे असतात आणि रक्त बाहेर काढताच एकमेकांना चिकटतात. परंतु त्यांचे कार्य काय, हे कोडे कायम राहिले.

३/ ते कोडे सोडवले इटलीतील तूरिनच्या जुलिओ बिझोझेरो यांनी, १८८२ मध्ये. जिवंत प्राण्याच्या बारीक रक्तवाहिनीला इजा करून ते सूक्ष्मदर्शकाखाली पाहत राहिले. इजेच्या जागी सर्वप्रथम धावून आले आणि भिंतीला चिकटले ते हेच कण. प्लेटलेट, म्हणजेच बिंबाणू, रक्तस्राव थांबवतात हे त्यातून स्पष्ट झाले.

४/ इकडे दंतवैद्यांसमोर वेगळाच प्रश्न होता. दात काढल्यावर दोन-चार दिवसांनी काहींची गुठळी नाहीशी होई, हाड उघडे पडे आणि ठणका थेट कानापर्यंत जाई. १८९६ मध्ये क्रॉफर्ड यांनी या अवस्थेला ‘ड्राय सॉकेट’ म्हणजे कोरडी खोबण असे नाव दिले. खालच्या अक्कलदाढेच्या बाबतीत हा त्रास आजही विशेष आढळतो.

५/ तरीही दीर्घकाळ प्लेटलेटकडे केवळ ‘भोक बुजवणारे कण’ म्हणूनच पाहिले गेले. हा समज बदलला १९७४ मध्ये, अमेरिकेतील सिअ‍ॅटल येथे. तिथले संशोधक रसेल रॉस यांचे पहिले शिक्षण दंतवैद्यकाचे होते, हा एक मनोरंजक योगायोग.

६/ रॉस आणि सहकाऱ्यांनी पेशी दोन प्रकारच्या द्रवांत वाढवल्या. एक, साकळलेल्या रक्तातून निघालेला. दुसरा, प्लेटलेट आधीच काढून टाकलेल्या रक्तद्रवातून तयार केलेला. पहिल्यात पेशी झपाट्याने वाढल्या, दुसऱ्यात जवळपास थांबल्या. म्हणजे वाढीची आज्ञा देणारा घटक प्लेटलेटमधूनच बाहेर पडत होता. भोक बुजवणारा कण दुरुस्तीचा निरोपही देतो, हे प्रथमच दिसले.

७/ त्याच सुमारास, १९७२ मध्ये, व्हिएन्नाच्या हेलेने मात्रास यांनी तुटलेल्या नसा जोडण्यासाठी रक्तातील फायब्रिनचा गोंद वापरला. पण असे पदार्थ अनेक दात्यांच्या रक्तातून बनत. काविळीच्या संसर्गाच्या भीतीने अमेरिकेने १९७८ मध्ये फायब्रिनोजेनच्या व्यापारी उत्पादनांचा परवाना रद्द केला. मग रुग्णाचे स्वतःचेच रक्त का वापरू नये?

८/ १९९७ मध्ये व्हिटमन आणि सहकाऱ्यांनी मुखशल्यक्रियेसाठी रुग्णाच्याच रक्तातील ‘प्लेटलेट जेल’चा पर्याय मांडला. १९९८ मध्ये रॉबर्ट मार्क्स यांनी जबड्याचे हाड गमावलेल्या ८८ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. अस्थिरोपणात प्लेटलेटयुक्त रक्तद्रव मिसळल्यास हाड लवकर परिपक्व होते, असा त्यांचा निष्कर्ष. ‘पीआरपी’ हे नाव दंतवैद्यकात सर्वतोमुखी झाले.

९/ पद्धत मात्र किचकट होती. आधी रक्त साकळू नये म्हणून औषध घालायचे, मग रक्त फिरवून प्लेटलेट वेगळ्या करायच्या आणि शेवटी ते पुन्हा साकळावे म्हणून थ्रॉम्बिन घालायचे. हे थ्रॉम्बिन बहुधा गाईच्या रक्तातले असे, आणि त्याविरुद्ध शरीरात प्रतिपिंडे तयार होण्याचा धोका होता.

१०/ २००१ मध्ये फ्रान्सच्या जोसेफ शुक्रून यांनी हा सारा व्याप टाळला. कोणतेही औषध न घालता रक्त नळीत घ्यायचे आणि लगेच सुमारे १०-१२ मिनिटे सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवायचे. तळाशी तांबड्या पेशी, वर पातळ द्रव आणि मधोमध प्लेटलेट अडकलेली फायब्रिनची पिवळसर गुठळी. हेच ‘पीआरएफ’. तीच गुठळी चिमट्याने उचलून अक्कलदाढेच्या खोबणीत बसवता येऊ लागली.

११/ साहित्य थोडे आणि खर्च बेताचा, म्हणून भारतातील दंत महाविद्यालयांतही त्यावर पुष्कळ प्रयोग झाले. अक्कलदाढ यासाठी सोयीची. एकाच व्यक्तीच्या एका बाजूला पीआरएफ भरायचे, दुसरी बाजू तशीच ठेवायची आणि तुलना करायची.

१२/ मग निकाल काय? अनेक प्रयोगांत वेदना आणि ड्राय सॉकेट कमी झाल्याचे दिसले. नवे हाड लवकर भरते, याचा पुरावा मात्र विसंगत आहे. बरेच प्रयोग लहान होते, फिरवण्याचा वेग आणि वेळ निरनिराळी होती. शिवाय खोबणीत पांढुरकी गुठळी भरलेली डोळ्यांना दिसत असताना परीक्षकाला अंधारात ठेवणे कठीण. रॉस यांच्या काचपात्रातील पेशींचे उत्तर स्वच्छ होते. माणसाच्या जबड्याचे तितके स्वच्छ नाही.

१३/ प्लेटलेट घावाकडे धावतात हे बिझोझेरो यांनी प्रत्यक्ष पाहिले होते. त्या अधिक संख्येने तिथे नेऊन ठेवल्या तर घाव अधिक चांगला भरतो का, हा प्रश्न निराळा आहे. पहिल्याचे उत्तर दुसऱ्याला परस्पर लागू करता येत नाही. तोवर सेंट्रिफ्यूज असो वा नसो, दंतवैद्यांचा जुना सल्ला तसाच लागू आहे : पहिला दिवस जोरात चूळ भरू नये, धूम्रपान टाळावे आणि गुठळीला तिचे काम करू द्यावे.