आत्याला एवढ्यात सांगू नका

दर संक्रांतीला इंदूरहून वहिनींचं तिळाच्या वड्यांचं पार्सल येतं. यंदा आलं नाही. टपालाला उशीर झाला असेल म्हणून मी गप्प बसले. दोन दिवसांनी भाच्याची धाकटी मुलगी गोष्टीचं पुस्तक परत करायला आली. तिच्या हातावर घरचीच एक वडी ठेवली, तर म्हणाली, "आत्याआजी, आमच्याकडे यंदा सण नाही ना!" आणि लगेच जीभ चावली. दहा वर्षांची पोर. तिलासुद्धा बजावून ठेवलं होतं.

वहिनी डिसेंबरच्या अखेरीस गेल्या होत्या. तेरावंही होऊन गेलं होतं. "आत्याला एवढ्यात सांगू नका, तिचं बीपी वाढेल," असं सगळ्यांनी मिळून ठरवलं होतं म्हणे.

रागावले नाही असं लिहिणार होते, पण खोटं कशाला लिहू? रागावले. चांगली दोन दिवस कोणाशी बोलले नाही. मग लक्षात आलं, की या बाबतीत रागावण्याचा मला फारसा अधिकार नाही. का ते पुढे सांगते. आधी थोडा इतिहास. ज्यांना माझा इतिहासाचा तास नको असेल त्यांनी खुशाल पुढचे काही परिच्छेद गाळावेत. भाचेमंडळींनी मात्र गाळू नयेत!

१४ जानेवारी १७६१, पौष शुद्ध अष्टमी, बुधवार. पानिपत. (वर्गात दरवर्षी कोणीतरी म्हणायचंच, "बाई, म्हणजे संक्रांतीच्या दिवशी!" पण तसं नाही. संक्रांतीची तारीख हळूहळू पुढे सरकत असते. त्या काळी ती आजच्यापेक्षा तीन-चार दिवस आधी येत असे. तरी 'संक्रांत कोसळली' हे शब्द आपल्या मनात पानिपताला चिकटले आहेत ते आहेतच.) सदाशिवरावभाऊ आणि नानासाहेब पेशव्यांचा थोरला मुलगा विश्वासराव, दोघेही त्या दिवशी पडले.

ही बातमी नानासाहेबांना कशी कळली, ती हकिगत शाळेतल्या पुस्तकात सगळ्यांनीच वाचलेली आहे. पेशवे फौज घेऊन उत्तरेकडे निघाले होते. नर्मदेच्या बाजूला त्यांच्या हाती एका सावकाराचं पत्र लागलं. त्यात कोणी मेलं असं कुठेच नव्हतं. होता तो हिशेब. दोन मोती, सत्तावीस मोहरा, आणि रुपये-खुर्दा किती गेला त्याची मोजदादच नाही. त्या दोन मोत्यांमध्ये पेशव्यांचा मुलगा होता आणि चुलतभाऊ होता. नानासाहेब त्या धक्क्यातून उठले नाहीत. २३ जून १७६१ रोजी पर्वतीवर गेले.

मुलांना हे पत्र मी 'सांकेतिक भाषेचा नमुना' म्हणून शिकवत असे. आता वाटतं, त्यात सांकेतिक असं काय होतं? आपण सगळे आजही असंच तर बोलतो. 'देवाज्ञा झाली', 'गेले', 'वारले', 'आता त्यांचं काही राहिलं नाही'. आमच्या लहानपणी मृत्यूच्या पोस्टकार्डावर वर 'श्री' नसे. ते उंबऱ्याबाहेर वाचून तिथल्या तिथे फाडून टाकायचे. घरात ठेवायचं नाही. म्हणजे बातमी आली आणि नाहीशीही झाली.

पण मला सांगायचं आहे ते पार्वतीबाईंबद्दल. भाऊसाहेबांची ही दुसरी पत्नी, पेणच्या कोल्हटकरांची मुलगी. ती स्वतः पानिपतावर होती. त्या गर्दीतून निभावून परत पुण्याला पोचली. विश्वासरावाचं प्रेत ओळखू आलं होतं. भाऊसाहेबांच्या बाबतीत मात्र शीर नसलेलं धड सापडलं, खुणा पाहून ते त्यांचंच म्हणून ठरवलं आणि अग्नी दिला. ठरवलं, पण सगळ्यांनी मानलं नाही. पार्वतीबाईंनी तर मुळीच मानलं नाही. आपला नवरा जिवंत आहे, येईल, असं त्या म्हणाल्या. कुंकू पुसलं नाही, बांगड्या उतरवल्या नाहीत. आणि पेशव्यांच्या घराने, जिथे शास्त्री-पंडितांना तोटा नव्हता, त्यांना तसंच राहू दिलं. एक-दोन वर्षं नव्हे, बावीस वर्षं.

आता यात भाबडेपणा किती आणि शहाणपण किती? वर्गात मी 'बिचारी पार्वतीबाई' म्हणून मोकळी होत असे. पण 'हो, गेले' असं म्हटलं असतं तर त्या काळी तिच्यापुढे काय होतं? सती, नाहीतर केशवपन आणि अंधारी खोली. 'येतील' या एका शब्दावर ती बाई वाड्यात मानाने राहिली. नारायणरावाच्या खुनानंतर गरोदर गंगाबाईला १७७४ मध्ये पुरंदरावर नेलं, तेव्हा सोबत पार्वतीबाई होत्या. पुढे गंगाबाई गेल्यावर लहानग्या सवाई माधवरावाला सांभाळणाऱ्यांतही त्याच होत्या. ज्यांना आपण वेड्या आशेवर जगणारी म्हणतो, त्यांच्या हाती आख्ख्या पेशवाईचं बाळ दिलं होतं.

पण न बोललेल्या मरणाला फट राहते, आणि त्या फटीतून तोतया आला. सुखनिधान नावाचा, उत्तरेकडचा कनोजी ब्राह्मण. 'मीच सदाशिवरावभाऊ' म्हणाला. थोरल्या माधवरावांच्या वेळी त्याला पकडलं, चौकशी झाली, किल्ल्यांवर कैदेत ठेवलं. १७७६ मध्ये तो रत्नागिरीहून सुटला आणि बघता बघता कोकणातले बरेच किल्ले त्याच्या ताब्यात गेले. लोक त्याच्यामागे का गेले? स्वार्थ होताच. पण भाऊसाहेबांची बायको पंधरा वर्षं कुंकू लावून वाड्यात बसलेली आहे, हे साऱ्या पुण्याला दिसत होतं. महादजी शिंद्यांच्या फौजेने बंड मोडलं आणि त्याच वर्षी डिसेंबरात पुण्यात तोतयाला देहान्त शासन झालं. (न. चिं. केळकरांचं 'तोतयाचे बंड' हे नाटक यावरच आहे.)

तेव्हा कारभारी होते नाना फडणीस. नानाही एकोणिसाव्या वर्षी पानिपतावर होता आणि त्या धामधुमीत त्याने आपली आई गमावली. हे त्याने आपल्या छोट्याशा आत्मचरित्रात लिहून ठेवलं आहे. मला नेहमी वाटतं, तोतयाची चौकशी चालली असताना या दोघांमध्ये, नाना आणि पार्वतीबाईंमध्ये, कधी पानिपताचा विषय निघाला असेल का? तो खोटा ठरला तेव्हा तिला कोणी काय सांगितलं असेल? हा भाऊ नव्हे एवढंच सिद्ध झालं होतं. भाऊ गेले, हे अजूनही कोणी म्हटलेलं नव्हतं. १७८३ मध्ये पार्वतीबाई वारल्या तेव्हा त्यांच्याबरोबर भाऊसाहेबांचंही उत्तरकार्य उरकलं. बाविसाव्या वर्षी नवऱ्याचं आणि बायकोचं एकदम.

इतिहासाचा तास संपला. आता घरचं.

एप्रिल १९९४ मध्ये आमचा दादा इंदूरला हार्टने गेला. सत्तावन्न वर्षांचा होता. आई तेव्हा वाईजवळ गावी, धाकट्या भावाकडे. वय एकोणऐंशी, मोतीबिंदूने दिसत जवळपास नव्हतं. "आईला सांगू नका," हे कोणी ठरवलं ते आता आठवत नाही. सगळ्यांनीच. मी साताऱ्याला शाळेत होते आणि दर रविवारी गावी जात असे. दादाची पत्रं तिला वाचून दाखवणं हे माझं काम होतं. ते मी चालूच ठेवलं! दादाचं एक जुनं इनलँड पर्समध्ये असायचं. ते उघडायचं आणि मनाने वाचायचं. "ती. आईस सा. न. वि. वि. इकडे सर्व कुशल..." दादाच्या ढंगात, त्याच्या विनोदांसकट. तोतया म्हणतात तो याहून वेगळा काय असतो?

सर्वपित्रीला आई धाकट्या भावजयीला म्हणाली, "यंदा एक पान जास्त मांड." मी तिथेच होते. विचारलं, "कोणाचं गं?" म्हणाली, "आहे एकाचं."

एवढं ऐकूनही मी पुढच्या रविवारी पत्र वाचलं. तिने शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाली, "तुझा घसा बसलाय. पाणी पी."

दिवाळीत वहिनी आल्या. आईला संशय नको म्हणून कुंकू, मंगळसूत्र, हिरव्या बांगड्या, सगळं घालून आल्या. काकूंनीच आदल्या रात्री बांगड्या आणून दिल्या होत्या. आईने त्यांना पाटावर बसवलं आणि चाचपत चाचपत त्यांची ओटी भरली. खण, नारळ, तांदूळ. जिने महिन्यापूर्वी आपल्या मुलाचं पान मांडायला सांगितलं होतं, तिने सुनेची सवाष्णीची ओटी भरली. मी दारात उभी होते. कोण कोणाला सांभाळत होतं, मला कळेना.

परतताना वाईच्या स्टँडवरून आम्ही दोघी साताऱ्याच्या एसटीत बसलो. वहिनींनी पदराचं टोक ओलं केलं, कपाळापर्यंत नेलं, आणि हात खाली घेतला. म्हणाल्या, "वन्सं, पाचवड येईपर्यंत राहू दे." मी "बरं" म्हटलं. पाचवडला त्यांनी ते पुसलं. दोघी खिडकीबाहेर बघत होतो.

फेब्रुवारीत आई गेली. मुलाचं नाव घेऊन ती एकदाही रडली नाही, कारण आम्ही कोणी तिला तशी जागाच ठेवली नव्हती. तिच्याजवळ बसून "आई, दादा गेला" म्हणायला मला दहा महिन्यांचे चाळीस रविवार मिळाले होते.

आता पुष्कळजण म्हणतील, आईला कळलं होतं, तिने तुम्हालाही माफ केलं असेल. असेल. वहिनींची ती ओटी मी आजही चूक म्हणू शकत नाही. त्या एका दिवसाबद्दल वहिनी पुढे कितीदा तरी बोलल्या, आणि दर वेळी हसून बोलल्या. पण पत्रं मात्र चूक होती. ओटीत त्या दोघी एकमेकींसाठी काहीतरी करत होत्या. पत्रांत मी फक्त स्वतःला वाचवत होते. तिचं रडणं मला बघवलं नसतं, एवढंच ते होतं. 'तिला सोसणार नाही' हे आपलं म्हणायचं.

त्या एसटीतली गोष्ट माहीत असलेल्या आम्ही दोघीच होतो. त्यातली एक गेली आणि मला तीन आठवडे पत्ता नाही! त्या तीन आठवड्यांत मी त्यांना एकदा फोनही लावला होता. कोणी उचलला नाही. कुंभाराकडून सुगडं आणली, वाटाणे सोलले, टीव्ही बघितला.

तेव्हा भाचेमंडळी, लेखी सांगून ठेवते. कोणाचंही काही झालं तर मला त्याच दिवशी सांगा. फोनवर नको, ऐकू कमी येतं आणि मग 'काय? काय?' करत बसते. घरी या. मला खिडकीजवळच्या खुर्चीत बसवा आणि नाव घेऊन, 'गेले' असं मोठ्याने सांगा. सकाळची बीपीची गोळी मी घेतलेली असते. आणि माझ्या डॉक्टरांनी माझ्याबद्दल काही सांगितलं, तर तेही आधी मला.

वहिनींच्या तिळाच्या वडीत जायफळ असायचं आणि आणखी काहीतरी, जे मला कधीच ओळखता आलं नाही. इंदूरच्या घरी त्यांच्या वहीत कृती असेल तर कोणीतरी उतरवून पाठवा.