डकोटा : नव्वदीच्या घरातील मालवाहू विमान

श्रीनगरच्या धावपट्टीवर २७ ऑक्टोबर १९४७ रोजी सकाळी उतरलेल्या पहिल्या विमानांना खाली कोण भेटेल, याची खात्री दिल्लीत कोणालाच नव्हती. लेफ्टनंट कर्नल दिवाण रणजित राय यांना दिलेला आदेश त्यामुळेच सावध होता. प्रथम विमानतळावर घिरट्या घालाव्यात, तो शत्रूच्या हाती गेलेला नाही असे दिसले तरच उतरावे, अन्यथा जम्मूकडे वळावे. विमानतळ सुरक्षित होता. पहिल्या शीख बटालियनचे जवान उतरले आणि काश्मीर खोरे हातचे गेले नाही. त्यांना नेणारी विमाने होती भारतीय हवाई दलाच्या १२ क्रमांकाच्या स्क्वाड्रनची डकोटा. बारामुल्लाच्या मार्गावरील लढाईत राय यांना लगेचच वीरमरण आले. हवाई दलाची विमाने पुरेनात, तेव्हा खासगी कंपन्यांची डकोटाही प्रवाशांऐवजी जवान आणि दारूगोळा वाहू लागली.

डकोटाचा जन्म लष्करी नव्हे. अमेरिकेतील डग्लस कंपनीने अमेरिकन एअरलाइन्सच्या मागणीवरून रातराणी गाडीसारखे झोपून प्रवास करता येणारे विमान बनवले. त्याचे पहिले उड्डाण कॅलिफोर्नियातील सँटा मोनिका येथे १७ डिसेंबर १९३५ रोजी झाले. हेच ‘डीसी-३’. महायुद्धात त्याला मोठा मालदरवाजा व मजबूत तळ मिळाला आणि ते ‘सी-४७’ झाले. ब्रिटिशांनी त्याला ‘डकोटा’ म्हटले व भारतात तेच नाव रुळले. प्रत्येकी १२०० अश्वशक्तीची दोन इंजिने, ९५ फुटांचा पंखविस्तार, सुमारे २७०० किलो माल किंवा २८ सैनिक अशी त्याची कुवत. या प्रकारची दहा हजारांहून अधिक विमाने तयार झाली. रशिया व जपान या देशांनीही आपापल्या कारखान्यांत ती बांधली. युद्ध जिंकून देणाऱ्या मोजक्या साधनांत जनरल आयझेनहॉवर यांनी बुलडोझर, जीप व ट्रक यांच्या पंक्तीला या विमानाला बसवले होते. यांतले एकही साधन मुळात लढण्यासाठी बनलेले नव्हते.

इतके दीर्घ आयुष्य या विमानाला का लाभले, याचे उत्तर त्याच्या बांधणीत आहे. त्याच्या पंखाचा भार एकाच मुख्य तुळईवर नसून अनेक तुळयांवर वाटलेला आहे. त्या काळी धातूच्या ताकदीचा नेमका हिशेब मांडण्याची साधने अपुरी होती, म्हणून अभियंत्यांनी लागेल त्याहून अधिक मजबुती ठेवली. आतील हवेचा दाब वाढवण्याची सोय त्यात नाही. त्यामुळे उंचावर वैमानिकाला त्रास होतो, पण दर उड्डाणाला फुगून-आकसून शिणणाऱ्या आधुनिक विमानासारखी त्याची काया लवकर थकत नाही. मिटलेली चाके थोडी बाहेरच राहतात. परिणामी पोटावर उतरण्याची वेळ आली तरी नुकसान बेताचे होते. पंखाचा बाहेरील भाग बोल्टांनी जोडलेला असल्याने तो सुटा करता येतो. चीनमध्ये १९४१ साली जपानी बाँबहल्ल्यात एका डीसी-३चा पंख निकामी झाला. तेव्हा हाँगकाँगहून दुसऱ्या विमानाच्या पोटाखाली बांधून आणलेला, जुन्या डीसी-२चा पंख त्याला बसवण्यात आला. तो सुमारे पाच फुटांनी आखूड होता, तरीही विमान उडाले. अशी ठिगळे सोसणारी विमाने फार नाहीत.

महायुद्धात आसामहून हिमालय ओलांडून चीनला रसद नेण्याच्या कामी डकोटा भारतात आली. युद्ध संपले तेव्हा अमेरिकेची शिल्लक राहिलेली विमाने येथेच विकली गेली. बंगळूरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्ट कारखान्यात ती नागरी वाहतुकीसाठी सजवण्यात आली. १९४९ मध्ये सुरू झालेली रात्रीची हवाई टपाल सेवा याच विमानांच्या बळावर चालली. दिल्ली, मुंबई, कलकत्ता व मद्रास येथून निघालेली विमाने मध्यरात्री नागपूरला एकत्र येत, थैल्यांची अदलाबदल होई आणि सकाळी टपाल आपापल्या शहरात पोहोचे.

डकोटाची खरी कसोटी लागली ती पूंछमध्ये. निर्वासितांनी भरलेल्या या शहराला नोव्हेंबर १९४७ पासून वर्षभर वेढा पडलेला होता. जवान व नागरिकांनी मिळून आखूड धावपट्टी तयार केली. सभोवती डोंगर आणि टेकड्यांवर शत्रूच्या तोफा. एअर कमोडोर मेहर सिंग यांनी डिसेंबरमध्ये तेथे डकोटा उतरवली आणि त्यानंतर धान्य, दारूगोळा, पर्वतीय तोफा यांचा ओघ सुरू झाला. परतीच्या फेरीत जखमी व निर्वासित बाहेर काढले जात. गरज पडली तेव्हा याच मालवाहू विमानाच्या दारातून बाँब ढकलून ते बाँबफेकी म्हणूनही वापरण्यात आले. २४ मे १९४८ रोजी मेजर जनरल थिमय्या यांना सोबत घेऊन मेहर सिंग लेहमध्ये उतरले. समुद्रसपाटीपासून दहा हजार फुटांहून उंच असलेल्या, सिंधूकाठच्या त्या ओबडधोबड पट्टीवर त्याआधी एकही विमान उतरले नव्हते. या कामगिरीसाठी मेहर सिंग यांना महावीर चक्र मिळाले.

त्यानंतर तेवीस वर्षांनी, ११ डिसेंबर १९७१ रोजी, पूर्व पाकिस्तानातील टांगाईल येथे सैनिक हवाई छत्रीने उतरवण्यात आले. त्या मोहिमेत नव्या एएन-१२ व पॅकेट विमानांच्या बरोबरीने डकोटाही होत्या. उतरलेली दुसरी पॅरा बटालियन ही मूळची मराठा लाइट इन्फंट्रीची तिसरी पलटण. तिने पूंगली पूल ताब्यात घेऊन मैमनसिंगहून ढाक्याकडे माघारी येणाऱ्या पाकिस्तानी ब्रिगेडची वाट रोखली. बांगलादेशाच्या पहिल्या हवाई तुकडीकडेही एक डकोटा होती.

१९८०च्या दशकाच्या उत्तरार्धापर्यंत डकोटा हवाई दलातून बाहेर पडली. तिचे काम ॲव्हरो व एएन-३२ यांनी उचलले होते. बहुतेक विमाने भंगारात गेली, काही संग्रहालयांच्या दारात उभी राहिली. मग खासदार राजीव चंद्रशेखर यांनी भंगारावस्थेतील एक डकोटा विकत घेऊन ब्रिटनमध्ये उड्डाणयोग्य करून घेतली. त्यांचे वडील एअर कमोडोर एम. के. चंद्रशेखर डकोटाचे वैमानिक होते. या विमानावर व्हीपी-९०५ हा १९४७ च्या श्रीनगर मोहिमेतील विमानाचा क्रमांक रंगवण्यात आला व ‘परशुराम’ असे नाव देण्यात आले. विमान तेच नव्हे, हे ध्यानात ठेवायला हवे. क्रमांक स्मृतीचा आहे. १७ एप्रिल २०१८ रोजी ते इंग्लंडमधील कोव्हेंट्रीहून निघाले. युरोप व आखाती देशांतून मुक्काम करीत ते २५ एप्रिलला जामनगरला पोहोचले आणि ४ मे रोजी हिंडन तळावर हवाई दलात दाखल झाले. आजचे लष्करी विमान हे अंतर एका दिवसात कापते.

अशा विमानाची आजची मोठी अडचण इंधनाची आहे. जुन्या पिस्टन इंजिनांना उच्च दर्जाचे विमान-पेट्रोल लागते, तर आजच्या तळांवर प्रामुख्याने जेट इंजिनांचे केरोसिनसदृश इंधन मिळते. अमेरिकेतील ऑशकॉश येथील बॅस्लर कंपनीने त्यावर तोडगा काढला. ती जुन्या डकोटाचा सांगाडा लांबवून त्यावर टर्बोप्रॉप इंजिने बसवते. ‘बीटी-६७’ नावाची ही विमाने अंटार्क्टिकाच्या बर्फावर स्कीवर उतरतात आणि कोलंबियाच्या हवाई दलाने ती तोफा बसवून बंडखोरांविरुद्ध वापरली आहेत. २६ जानेवारी २०२२ रोजी दिल्लीतील संचलनात मात्र मूळ पिस्टन इंजिनांचीच डकोटा दोन डॉर्निअर विमानांसह उडाली. त्या रचनेला नाव होते ‘टांगाईल’.